होडीचं नाव हाकेला पुरलं पाहिजे

पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आबा, होड्या मला देणार म्हणता, पण त्यांची नावं अशी का पडली ते कधी सांगितलंच नाही तुम्ही." बोलायला बसलो की माझं निम्मं राहून जातं, आणि पाण्याच्या बाबतीत निम्मं सांगून भागत नाही. म्हणून लिहूनच देतो. हे कागद होड्यांबरोबर ठेव.

करमाळा तालुक्यातल्या आपल्या वस्तीवर चार होड्या आहेत. पाचवी गेल्या महिन्यात आणून ठेवली. अंगणातली गुळाची काहिल धरलीस तर सहा. सोलापूरकडच्या माणसाला हा नाद कुठून लागला, असं पाहुणे विचारतात. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, तिथं होड्या कसल्या? त्याचं उत्तर असं की होड्यांकडे मी गेलोच नाही, पाणीच आमच्याकडे चालत आलं.

सत्तरच्या दशकात मी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होतो. संगमाजवळचा तिथला बोट क्लब १९२८ पासूनचा, आणि दरवर्षीचा रेगाटाही तेव्हापासूनचा. कयाक, पंट, शेल ही नावं मी तिथंच पहिल्यांदा ऐकली, वल्हं धरायला तिथंच शिकलो. इकडे भीमेवर उजनीचं काम चाललं होतं. १९८० साली धरण पुरं झालं आणि आपलं खालचं रान, विहीर, चिंचेची दोन झाडं, सगळं पाण्याखाली गेलं. मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं आणि दौंडवरून खाली उजनीत येतं. म्हणजे ज्या पाण्यावर मी हौसेनं वल्हं मारत होतो, तेच पुढं आमच्या रानावर चढलं. माझे वडील त्यानंतर कधी काठावर गेले नाहीत. मी गेलो, होडी घेऊन गेलो. ते त्यांना आवडलं नव्हतं, हेही तुला माहीत असू दे.

पहिली होडी 'वरदा'. पंढरपूरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडून घेतलेली, लाकडी, जड, रुंद बुडाची. चंद्रभागेत वारकऱ्यांना विष्णुपदाला नेण्यात तिची हयात गेलेली. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, 'पुंडलिक वरदा' असं लिहिलेलं होतं. मला तुझ्या आजीचं नाव द्यायचं होतं. म्हातारा म्हणाला, "साहेब, रंग कुठला पण द्या, नाव राहू द्या." मला वाटलं, देवाचं नाव पुसायला नको म्हणून म्हणतोय. पण त्याचं कारण वेगळं होतं. पुराच्या पाण्यानं दोर तुटला की होडी रातोरात कुठल्या कुठं जाते. खालच्या गावचे लोक ती धरतात, झाडाला बांधून ठेवतात आणि निरोप धाडतात. निरोप नावानंच जातो. नदीकाठची माणसं होडी नावानं ओळखतात, मालक नंतर. नाव बदललं तर वीस वर्षांची ओळख पुसली जाते आणि होडी बेवारस होते.

म्हणून विकत घेतलेल्या होडीचं नाव बदलायचं नाही. नाव तीन ठिकाणी लिहायचं: नाळेच्या दोन्ही अंगांना, आणि एकदा आतून, बसायच्या फळीच्या खालच्या बाजूला. बाहेरचा रंग दगडाला घासून जातो, आतला राहतो. आतल्या नावाखाली गाव आणि फोन नंबर लिही. 'वरदा' एकदा खरंच सुटून गेली होती. चौथ्या दिवशी फोन आला, तो फळीखालच्या नंबरावर.

लाकडी होडीला ऊन मारतं, पाणी नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. तशीच पाण्यात लोटलीस तर अर्ध्या तासात घोटाभर पाणी आत येईल आणि तू घाबरशील. घाबरायचं नाही. काठाशी गुडघाभर पाण्यात ती मुद्दाम भरू द्यायची, दोन दिवस तशीच ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप मिटतात. मग उपसून काढ. त्यानंतरही कुठं झिरपलं तरच डांबराला हात लाव. आधीच डांबर कोंबलंस तर फुगताना फळीला जागा उरत नाही आणि ती चिरते. उन्हाळाभर ती लिंबाखाली दोन ओंडक्यांवर पालथी असते, अंगावर जुनी सोलापुरी चादर. ती चादर रोज संध्याकाळी भिजवायची. बाजारात ताडपत्री मिळते, पण ताडपत्रीखाली उकडतं. सुती जाड चादर ओल धरते आणि वारा आत जाऊ देते. आपल्या सोलापूरच्या मागानं विणलेली वस्तू या कामाला इतकी चांगली आहे की दुसरं काही शोधायची गरज नाही. फक्त थंडीच्या पहाटे तीच अंगावर घेऊन होडीत बसू नकोस. भिजलेली चादर माणसाला खाली ओढते.

'वरदा' पंढरपूरला नेलीस तर आणखी एक. तिथं पाणी दोन वाटांनी येतं. एक उजनीतून सोडलेलं, दुसरं नीरेचं, वीर धरणातून सुटून नीरा नरसिंहपूरला भीमेत मिसळणारं. पंढरपुरात आभाळ निरभ्र असतं आणि वाळवंट बघता बघता पाण्याखाली जातं. श्रावण-भाद्रपदात दोन्ही धरणांची चौकशी केल्याशिवाय नदीत उतरायचं नाही.

दुसरी 'मोट'. ही पत्र्याची, सडपातळ, मासेमारीच्या होड्यांसारखीच. ही मी नवी करून घेतली, म्हणून नाव माझं. ज्या वर्षी पाणी फार खाली जातं, त्या वर्षी आपल्या जुन्या विहिरीचा कठडा वर येतो. मोट जिथं चालायची ती धाव, ते दगड, सगळं दिसतं. ही होडी बांधली तेव्हा मी पहिल्यांदा तिथवर वल्हवत गेलो आणि विहिरीच्या बरोबर वर थांबलो. पूर्वी खालून वर पाणी काढायचं ते चामड्याचं भांडं म्हणजे मोट. आता पाणी वर आणि विहीर खाली. दुसरं नाव सुचलं नाही.

नाव लिहिलं तो दिवस आठवतो. पेंटरनं आधी पत्रा पॉलिश पेपरनं घासला, रेड ऑक्साइडचा हात दिला, तो वाळू दिला, मग निळा. पांढऱ्या ऑइल पेंटनं अक्षरं काढायला बसला तर 'ट' नेमका रिबिटावर आला. म्हणाला, "थोडं पुढं सरकवू का?" मी म्हटलं, सरकव. रिबिटावरचा रंग पहिल्यांदा उडतो आणि तिथून गंज धरतो. तेव्हापासून मी आधी खडूनं लिहितो, दोन पावलं मागं जाऊन बघतो, मगच ब्रश. शिरोरेघ होडीच्या काठाला समांतर ओढायची, जमिनीला नाही. होडीचा काठ नाळेकडे चढतो, तशी रेघही चढली पाहिजे. जोडाक्षरं टाळ. शंभर हातांवरून ती नुसता डाग दिसतात.

आता पत्र्याचं मुख्य सांगतो, इथं डोळे उघडे ठेवून वाच. लाकडी होडी पाण्यानं भरली तरी तरंगते. पत्र्याची भरली की दगडासारखी तळाला जाते. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली, सहा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. कुगाव आपल्याच तालुक्यातलं. होडी नंतर पाण्याच्या तळाशी सापडली. शोध चालला होता ते दिवस मी काठावरच होतो. घरी आलो आणि 'मोट'च्या दोन्ही टोकांच्या फळ्यांखाली बूच घट्ट लावलेले रिकामे डबे बांधले, मधे थर्माकोलचे ठोकळे पट्टीनं आवळले. मग काठाजवळ ती मुद्दाम पाण्यानं भरून पाहिली. काठोकाठ भरली, पण बुडाली नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी ही परीक्षा घ्यायची, डब्यांची बुचं तपासायची. आपल्या शेजारच्या कुणाची पत्र्याची होडी असेल तर त्याच्याही होडीला बांधून दे. पैसे घेऊ नकोस.

त्याच उजनीचा वारा मी स्वतः एकदा अंगावर घेतला आहे. वैशाख होता, दुपारचे चार. लाइफ जाकीट फळीखाली होतं, अंगात नव्हतं. पश्चिमेला आभाळ तांबूस झालं, मग पाण्यावर एक काळा पट्टा दिसला, माझ्याकडे सरकत आला. तो पट्टा म्हणजेच वारा. तो दिसल्यावर हातात फार वेळ उरत नाही. नाळ वाऱ्याकडे करायला मी उशीर केला, लाट आडवी आली, होडी भरली. मी तिला धरून राहिलो, पोहायला निघालो नाही. मैलभर लांबचा काठ डोळ्यांना जवळ दिसतो, हाताला नाही. अंधार पडताना मच्छीमारांनी काढलं.

यातून जे शिकलो ते असं. होळी ते मृग, दुपारी तीननंतर पाण्यावर असायचं नाही. जाकीट अंगात, सगळे बंद आवळून. बसायला गादी म्हणून नाही. वळवाचं आभाळ दिसलं की नाळ वाऱ्यात, माणसं फळीवरून उठून बुडात बसलेली, आणि कुणीही उभं राहायचं नाही. उलटलीच तर होडी सोडायची नाही. पाहुण्यांनी जाकीट घालायला नको म्हटलं तर होडी काठाला लाव आणि चहा करून दे. भीड धरू नकोस.

पाणी उतरल्यावरची भीती वेगळी. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात धरण 'वजा'त गेलं असं पेपरात येतं, तेव्हा बुडालेली गावं वर येऊ लागतात. पळसदेवचं जुनं देऊळ बघायला लोक गर्दी करतात. पण जे वर आलंय त्याची भीती नाही, जे हातभर खाली आहे त्याची आहे. भिंती, बाभळीची खोडं, विहिरींचे कठडे. त्याहून वाईट म्हणजे मोटारींच्या केबली. पाणी मागं सरकतं तसे शेतकरी पाइप आणि वायर पुढं पुढं नेतात. तिथं वल्हं खोल मारायचं नाही, हात पाण्यात घालायचा नाही. आणि जिथं रिकाम्या बाटल्या एका ओळीत तरंगताना दिसतील तिथं जाळं आहे असं समज आणि वळसा घाल. आपण हौशी, त्यांचं पोट त्यावर चालतं. पाण्यावर पहिला हक्क त्यांचा.

दोर बांधायची रीतही यातूनच आली. काठाला निरगाठ मारायची नाही, सुरगाठ, म्हणजे ओल्या हातानं एका ओढीत सुटते. आणि दोर ढिला. उन्हाळ्यात पाणी रोज उतरतं. आखूड बांधलेली होडी सकाळी चिखलात कलंडलेली सापडते.

'टिटवी' तुझी आहेच. फायबरची कयाक, एका माणसाची. तिच्यात बसलं की सारखं सावध राहावं लागतं, म्हणून टिटवी. तो पक्षी झोपतो की नाही कोण जाणे, पण कुणी जवळ आलं की ओरडल्याशिवाय राहत नाही. कॉलेजात आम्हाला सांगायचे ते तुलाही सांगतो: वल्हं हातानं ओढायचं नाही, पाठीनं ओढायचं. मूठ सैल. घट्ट धरलंस तर तासाभरात फोड येतील. वल्ह्याची लांबी बघायची तर ते शेजारी उभं कर आणि हात वर कर. बोटांची पेरं टोकावर वाकली पाहिजेत. आणि उलटायचा सराव थंड डोक्यानं, छातीभर पाण्यात, कुणीतरी शेजारी उभं असताना कर. पहिल्यांदा उलटायची वेळ खोल पाण्यात येता कामा नये.

पोहायला येतं म्हणून पाण्याची भीती गेली असं समजू नकोस. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणायला जायचा, सैन्यात गेल्यावर वल्हं हातात आलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकट्यानं होडी वल्हवत तेरावा आला. सुरुवातीला त्यालाही पाण्याची भीती वाटायची. दुष्काळी गावच्या माणसाला पाण्याची भीती असतेच, ती लाजायची गोष्ट नाही. मला ती आजही आहे आणि तिनंच मला सांभाळलंय.

हिवाळ्यात 'टिटवी' घेऊन पहाटे भिगवणच्या अंगाला गेलीस तर रोहित पक्षी दिसतील, पट्टकादंब दिसतील. हे कादंब हिमालय ओलांडून आपल्या पाण्यावर येतात. लांबून बघ. फोटोसाठी थवा उठवायचा नाही. माना वर झाल्या की तू जास्त जवळ गेलीस. तिथंच वल्हं उचलून धर आणि होडी आपोआप थांबू दे.

'सावकाश' ही इंजिनाची. दोरी ओढली की सुरू होतं आणि माणूस शहाणपण विसरतो, म्हणून चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, आतल्या बाजूलाही मोठ्या अक्षरांत नाव लिहून घेतलं आहे. तिच्यात वल्ही ठेवल्याशिवाय निघायचं नाही, कितीही नवं इंजिन असो. जलपर्णी पंख्यात गुंडाळली की ते बंद पडतं. पंखा मोकळा करण्याआधी इंजिन बंद, चावी हातात, मगच हात आत. पाणी उपसायचा डबा दोरीनं होडीला बांधलेला असतो, तो सोडवू नकोस. सुटा डबा हवा तेव्हा सापडत नाही. धरणाच्या भिंतीकडे, दरवाजांकडे जायचं नाही. परवानगीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत फळीखाली आहेत.

काहिलीला नाव नाही आणि द्यायचंही नाही. पुराच्या दिवसांत माझे आजोबा तिच्यात बसून भीमा ओलांडायचे, तेव्हा दुसरं साधनच नव्हतं. गोल भांडं पाण्यात गरगर फिरतं, एका अंगाला वल्हं मारलं की जागच्या जागी फिरतं. पुढं जायचं तर समोर वाकून पाणी स्वतःकडे ओढावं लागतं. मी एकदा करून पाहिलं, पुन्हा नाही. नाव दिलं की पोरं तिला होडी समजून पाण्यात नेतील. ती अंगणातच राहू दे. खंडेनवमीला वल्ह्यांची पूजा होते तेव्हा तिलाही हळदकुंकू लाव.

नावाचं शेवटचं. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची 'तारिणी' घेऊन वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी पृथ्वी फिरून आल्या, २५४ दिवसांत. तिचं नाव ओडिशातल्या तारातारिणी देवीवरून. तिच्याआधीची 'म्हादेई', गोव्याच्या नदीच्या नावाची. दिलीप दोंदे आणि नंतर अभिलाष टॉमी तिच्यावरून एकट्यानं जग फिरले. 'तारिणी' गोव्याला परतली तो दिवस २१ मे २०१८. कुगावच्या होडीचीही तारीख तीच, सहा वर्षांनंतरची. मी त्या तारखेला दरवर्षी होड्या पाण्यात घालत नाही, डबे आणि जाकिटं तपासतो. तूही तेच करावंस असं मला वाटतं.

त्या दोन्ही नावांत बघ, तीन-तीन अक्षरं आणि शेवटी लांब स्वर. पाण्यावर हाक मारायची तर शेवटचा स्वर ओढता आला पाहिजे: वरदाऽऽ, टिटवीऽऽ. वाऱ्यात व्यंजनं विरतात, स्वर पोचतो. या हिशेबानं 'मोट' आणि 'सावकाश' ही माझी चुकलेली नावं. काठावरून तुझी आजी 'मोटेऽऽ' अशी हाक द्यायची, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं.

पाचवी होडी अजून कोरी आहे. फायबरची, दोन माणसांची, पांढरी. ती तुझीच, नाव तू ठेव. देवाचं ठेव, पक्ष्याचं ठेव, मैत्रिणीचं ठेव, पण आधी काठावर उभी राहून मोठ्यानं हाक मारून बघ. पेंटर पुढच्या रविवारी येतोय आणि रंग वाळायला दोन दिवस लागतात. शुक्रवारपर्यंत कळव.

— आबा